साथीच्या दिवसांत समाजसेवकाचा धर्म



या व्यासपीठावर विद्वानांची भाषणे ऐकण्याची आपणांस सवय आहे. माझी शाळा नववीतच सुटली. पुढे जे वाचले ते पाळी संपल्यावर नगरवाचनालयात आणि युनियनच्या कचेरीतल्या बाकावर. तीस वर्षे यंत्रमाग कामगारांत आणि झाडूवाल्यांत काम करताना जे पाहिले, आणि त्याचा उलगडा व्हावा म्हणून जे वाचले, त्याचा जमाखर्च आपल्यापुढे मांडावा, इतकाच माझा हेतू आहे.

साथ आली म्हणजे डॉक्टरचे काम ठरलेले असते. सरकारी अंमलदाराचे काम हुकुमात लिहिलेले असते. पण ज्याला आपण समाजसेवक म्हणतो, मग तो युनियनचा कार्यकर्ता असो, वस्तीतली आशा सेविका असो की गणेश मंडळाचा पोरगा असो, त्याच्या हाती ना औषध असते ना हुकूम. तो आजारी माणूस आणि सरकार यांच्यामध्ये उभा असतो. काम पडले की दोघेही त्याला आपला म्हणतात, आणि काम झाले की दोघेही त्याच्याकडे संशयाने पाहतात. अशा मधल्या माणसाने वागावे कसे? त्याचा धर्म कोणता?

माझे उत्तर मी आधीच सांगून टाकतो. आजारी गरीब माणसाला खरे सांगणे परवडेल अशी व्यवस्था करणे, हा साथीच्या दिवसांतला समाजसेवकाचा पहिला धर्म होय. हे उत्तर मला पुस्तकात सापडले नाही. ते एका चुकीतून मिळाले, आणि त्या चुकीची किंमत दुसऱ्याने दिली. तिच्याकडे मी येणारच आहे. पण तत्पूर्वी सव्वाशे वर्षे मागे जाऊ, कारण हा प्रश्न आपल्याकडे प्रथम तेव्हा उभा राहिला.

मुंबईचा प्लेग

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीच्या तापाचे रोगी पाहिले आणि हा प्लेग आहे असे निदान केले. ऑक्टोबरच्या आरंभी म्युनिसिपल कमिशनरांनी हुकूम काढला, की रोग्याला घरातून काढून इस्पितळात नेण्याचा, प्रसंगी जबरीने नेण्याचा, अधिकार अधिकाऱ्यांना राहील. महिनाही लोटला नाही तोच २९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले.

हे वाचून शिकलेला माणूस चटकन म्हणतो, की लोक अडाणी होते, इस्पितळात रोग्यांना मारून टाकतात अशा कंड्या पिकल्या होत्या आणि लोकांनी त्या खऱ्या मानल्या. कंड्या पिकल्या होत्या हे खरे. पण गिरणीतल्या माणसाच्या जागी आपण क्षणभर उभे राहून पाहू. त्या काळी गिरणीत मजुरी हातात पडायची ती महिना उलटून गेल्यावर, मागची थकबाकी मालकाकडे ठेवून. चाळीतल्या एका खोलीत दहा-बारा माणसे राहत. घरातल्या एकाला गाठ आली हे बाहेर कळले, की रोगी इस्पितळात जाणार, सोबतच्यांना छावणीत डांबणार, कपडे-अंथरूण जाळणार, खोलीत चुना आणि औषधी पाणी मारणार, आणि थकलेली मजुरी मिळेल की नाही याचा नेम नाही. ज्याने रोगी लपविला त्याने आपल्या परीने हिशेबच केला होता. हिशेब चुकीचा निघाला असेल, पण त्याला नुसते अडाणीपण म्हणून चालणार नाही.

याची दुसरी बाजूही पाहण्याजोगी आहे. लाखो माणसे मुंबई सोडून गावी निघून गेली आणि गिरण्यांना हात मिळेनासे झाले. तेव्हा जे मालक थकबाकीवाचून मजुरी द्यायला तयार नसत, त्यांची माणसे नाक्यावर उभी राहून कामगारांसाठी बोली लावू लागली, आणि रोजची मजुरी रोज देऊ लागली. म्हणजे रोजच्या रोज मजुरी देणे अशक्य नव्हते. गरज मालकाला पडल्यावर ते शक्य झाले. आणि झाडूवाले-भंगी शहर सोडून गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही, या धास्तीने म्युनिसिपालिटीलाही आपला कडक हुकूम सैल करणे भाग पडले. ज्यांना एरवी कोणी विचारीत नाही त्यांच्या हातावर शहर उभे असते, हे साथीत उघडे पडते.

पुण्याचा धडा

१८९७ च्या ४ फेब्रुवारीस साथरोगांचा कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा कायदा. सरकारला वाटेल ते उपाय करण्याची मुभा त्यात आहे, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा आहे, आणि चौथ्या कलमात असे आहे, की सद्‌हेतूने काम करणाऱ्या अंमलदारावर कोणाला दावा लावता येणार नाही. ज्याला घरातून उचलून नेले त्याची मजुरी कोणी द्यायची, त्याच्या मुलाबाळांनी खायचे काय, याविषयी एक अक्षरही त्यात नाही.

त्या कायद्याखाली पुण्यात रँडसाहेबांच्या कमिटीने गोऱ्या सोल्जरांकरवी घरांच्या झडत्या घेतल्या. स्वयंपाकघर, देवघर, माजघर काही सुटले नाही. बायाबापड्यांची तपासणी चारचौघांसमोर झाल्याच्या तक्रारी झाल्या. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली आणि ३ जुलैला तो मेला. आयर्स्ट नावाचा दुसरा अधिकारी त्याच रात्री जागीच ठार झाला होता. त्या खुनाची चर्चा आज माझ्या विषयात नाही. मला एवढेच दाखवायचे आहे, की ज्या शास्त्राच्या नावाने ही जबरदस्ती झाली, ते शास्त्र तेव्हा स्वतःच चाचपडत होते. उंदरांवरच्या पिसवांमार्फत प्लेग माणसाला होतो, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये सुचविले, आणि १९०५ नंतर मुंबईत झालेल्या संशोधनाने ते पक्के झाले. तोवर माणसांना एकमेकांपासून तोडण्यात सारी शक्ती खर्च झाली, आणि उंदीर मात्र मोकळे राहिले.

यावरून शास्त्र खोटे असते असा अर्थ कोणी काढू नये. त्याच काळात डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. दुसऱ्यावर प्रयोग करण्यापूर्वी स्वतःवर करणारे शास्त्र, आणि बंदूक घेऊन उंबरा ओलांडणारे शास्त्र, यांतला फरक लोकांना बरोबर कळतो. समाजसेवकाने यातून घ्यायचे ते हे, की आज जे ठाऊक आहे तेवढेच ठामपणे सांगावे, आणि जे अजून ठरलेले नाही ते ठरलेले नाही असे मोकळेपणी सांगावे. उद्या सल्ला बदलला तर लोक आपल्याला खोटे पाडीत नाहीत. आज अंगात नसलेली खात्री दाखविली, तर मात्र पाडतात.

दोन मृत्यू

आता ज्यांचे नाव घेतल्याशिवाय हा विषय पुराच होत नाही, अशा दोघांकडे येतो.

नारायण मेघाजी लोखंडे हे आम्हां कामगार चळवळीतल्या लोकांचे मूळपुरुष. ते स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची पहिली सभा भरविली, ‘दीनबंधू’ पत्र चालविले, आणि त्यांच्या खटपटीने १८९० च्या १० जूनपासून गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. आपण आज जी रविवारची सुटी सहज उपभोगतो, तिच्यामागे हा माणूस आहे. प्लेगमध्ये जो मुंबई सोडून जाऊ शकत होता तो गेला. लोखंडे राहिले, रोग्यांसाठी धडपडत राहिले, आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले.

त्यानंतर २९ दिवसांनी, १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. वय सहासष्ट. पती जाऊन सहा वर्षे झालेली. मुलगा यशवंत डॉक्टर. त्याच्याकरवी त्यांनी पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूला रोग्यांसाठी दवाखाना चालविला. मुंढव्याच्या एका अस्पृश्य कुटुंबातला मुलगा आजारी असल्याचे कळले, तेव्हा त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, असे सांगतात. मुलगा वाचला आणि बाईंना रोग लागला.

ही हकीकत सांगितली की सभेत टाळ्या पडतात. टाळ्या पडाव्यात हे योग्यच. पण सावित्रीबाईंनी नेमके केले काय, हे बारकाईने पाहिले पाहिजे. सोल्जर ज्या मुलाला उचलून नेणार, त्याच मुलाला त्यांनीही उचलून नेले. नेण्याचे ठिकाणही दवाखानाच. मग फरक कोठे पडला? नेणारी बाई ओळखीची होती. दवाखाना आपल्या माणसांचा होता. मुलाला जात विचारणार कोणी नव्हते. आणि मुख्य म्हणजे जो धोका त्या मुलाच्या आईबापांना होता, तोच बाईंनी स्वतःच्या पाठीवर घेतला होता. त्याच सुमारास लोकमान्य टिळक पुणे न सोडता राहिले आणि हिंदूंसाठी वेगळे प्लेगचे इस्पितळ उभे करण्यात पुढाकार घेतला, त्यामागेही हेच मर्म होते. इस्पितळाला लोकांचा मुळात विरोध नव्हता. परक्याच्या इस्पितळात एकट्याने जायला लोक भीत होते.

साक्षीदाराची जबाबदारी

समाजसेवक जे डोळ्यांनी पाहतो त्याचा तो साक्षीदार होतो, आणि साक्षीदाराचा धर्म अवघड असतो. नामदार गोखले यांना तो फार महागात पडला. १८९७ मध्ये ते विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तेथे जाहीरपणे सांगितले, की सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केले. सरकारने पुरावा मागितला. परत आल्यावर गोखल्यांना पुरावा उभा करता आला नाही, आणि त्यांनी बिनशर्त माफी मागितली. त्यांच्यावर चोहीकडून टीकेचा भडिमार झाला. पण पत्रे लिहिणाऱ्यांची नावे मात्र त्यांनी उघड केली नाहीत. ती केली असती तर त्यांचा स्वतःचा भार हलका झाला असता, आणि ती माणसे सरकारच्या तोंडी गेली असती.

माझ्या मते या एका प्रकरणात दोन धडे आहेत. एक, ऐकीव गोष्ट जाहीर बोलण्यापूर्वी तिची शहानिशा करावी. साथीत आपली एक चुकीची बातमी दहा खऱ्या तक्रारींचा विश्वास घालविते. दुसरा, ज्याने विश्वासाने सांगितले त्याला स्वतःची कातडी वाचविण्यासाठी पुढे ढकलू नये. पहिल्यात गोखले चुकले आणि दुसऱ्यात ते खरे उतरले. माफी मागून मोठा राहिलेला माणूस म्हणून मी त्यांच्याकडे पाहतो.

माझी चूक

आता कबुलीची गोष्ट.

२०२० चा जुलै महिना. करोनाची टाळेबंदी सैल होऊन आमच्या गावचे माग नुकतेच खडखडू लागले होते. एके रात्री साडेदहाला एक मागवाला माझ्या दाराशी आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला. म्हणाला, “भाऊ, अंगात कणकण आहे, तोंडाची चव गेलीय. पण कुणाला सांगू नका. खोलीत आम्ही सहा जण. घरमालकाला कळलं तर सगळ्यांचं सामान रस्त्यावर टाकील. पंधरवड्याची मजुरीपण अजून हातात पडली नाही.”

त्याचे बोलणे खोटे नव्हते. शेजारच्या गल्लीत एका खोलीला पत्रे ठोकलेले मी त्याच आठवड्यात पाहिले होते, आणि खोलीतून बरे होऊन परतलेल्या माणसाला पुन्हा जागा मिळाली नव्हती. मी त्याला म्हटले, “नाही सांगत. तू तेवढा बाहेर फिरू नकोस.” मला वाटले, मी माझ्या माणसाशी इमान राखले.

सहा माणसांच्या खोलीत ‘बाहेर फिरू नकोस’ याचा अर्थ काय, हे तीस वर्षे युनियनमध्ये काढलेल्या माणसाला कळायला हवे होते. तिघे दिवसपाळीचे, तिघे रातपाळीचे. एक उठतो आणि त्याच उबदार अंथरुणावर दुसरा आडवा होतो. पाचव्या दिवशी त्याच खोलीतल्या म्हाताऱ्या कांडीवाल्याला धाप लागली. आम्ही सारे त्याला काका म्हणत असू. काकांना इस्पितळात नेले, आणि आठ दिवसांनी ते गेले.

रोग त्यांना खोलीत लागला, कारखान्यात लागला की खानावळीत, हे कोणी सांगू शकणार नाही, आणि मला कोणी दोषही दिला नाही. पण माझा हिशेब माझ्यापाशी आहे. त्या खोलीत एक म्हातारा माणूस राहतो हे मला ठाऊक होते. एकाला गुपिताचे वचन देताना मी त्याच्या जिवाचीही बोली लावली होती, आणि त्याला विचारलेही नव्हते.

मग मी त्या रात्री म्युनिसिपालिटीला फोन करून मोकळे व्हायला हवे होते काय? त्यानेही प्रश्न सुटला नसता. पुढच्या आजारी माणसाने माझे दार ठोठावलेच नसते. रोग गल्लीत लपला असता आणि माझे हात स्वच्छ राहिले असते, एवढेच. गप्प राहणे आणि चहाडी करणे या दोनच वाटा मला दिसत होत्या. तिसरी वाट होती, ती कष्टाची होती, आणि ती आम्हाला काकांच्या नंतर सापडली.

आम्ही असे केले. घरमालकांकडे आधीच गेलो. आजारी माणसाच्या महिन्याच्या भाड्याची हमी युनियनने घेतली आणि सामानाला हात न लावण्याचे त्यांच्याकडून कबूल करून घेतले. कारखानदारांशी भांडून असे ठरविले, की आजारी पडलेल्याची थकलेली मजुरी त्याच दिवशी त्याच्या हातात पडेल. रोग्यासोबत इस्पितळाच्या दारापर्यंत आमच्यापैकी एक जण जाईल, आणि रोज संध्याकाळी त्याच्या गावाकडच्या माणसांना फोन करील. नावांची यादी माझ्या खिशात राहील, फळ्यावर किंवा मोबाइलच्या ग्रुपावर चढणार नाही. शिधा घेणाऱ्याचा फोटो कोणी काढणार नाही. आणि सर्वांत शेवटी आम्ही खोल्याखोल्यांतून सांगू लागलो, की ताप आला तर लपवू नका. पहिल्या पंधरवड्यात दोघे आपण होऊन आले. दुसऱ्यात अकरा आले. माणसे तीच होती आणि त्यांचे शिक्षणही तेवढेच होते. फक्त खरे सांगण्याची किंमत त्यांच्या आवाक्यात आली होती.

सेवा आणि हक्क

येथे कोणी विचारील, की प्रत्येकाची अशी मनधरणी करीत बसायला साथ थांबते काय? सर्वांच्या जिवासाठी थोडी जबरदस्ती करावीच लागते. मलाही ते मान्य आहे. अलग ठेवणे प्रसंगी आवश्यक असते. पण ज्याला सर्वांच्या भल्यासाठी अलग ठेवले, त्याचे पोट भरण्याचे देणे सर्वांच्या डोक्यावर चढते. ते देणे न फेडता केलेली सक्ती म्हणजे गरिबाकडून वसूल केलेला कर होय.

२०२० मध्ये महाराष्ट्रात तोच १८९७ चा कायदा पुन्हा लागू झाला. डॉक्टर-परिचारिकांवर हल्ला करणाऱ्याला शिक्षेची तरतूद त्यात त्या वर्षी वाढविली, ती रास्तच होती. टाळेबंदीत मजुरी कापू नये असा एक वेगळा हुकूम २९ मार्चला निघाला होता, तो मे महिन्यात मागे घेण्यात आला. दरम्यान ८ मे रोजी पहाटे जालन्याहून रुळांवरून चालत निघालेले सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली सापडले. दमून रुळांवरच झोपले होते. ज्यांना घरी बसा असे सांगितले त्यांचे घर शेकडो कोसांवर का असते, हा प्रश्न साथीच्या आधीचा आहे. पण साथीत तो रुळांवर येऊन पडतो.

आणि सेवा करणाऱ्यांचे काय? २०२० मध्ये आपण त्यांच्यासाठी टाळ्या वाजविल्या, थाळ्या वाजविल्या, आकाशातून फुलेही टाकली गेली. त्याच आशा सेविकांना २०२१ च्या जूनमध्ये मानधनासाठी संप करावा लागला. आमच्या झाडूवाल्या भगिनींना आम्ही पहिल्याच आठवड्यात सांगितले, की हातमोजे, बूट आणि मुखपट्टी हाती आल्याशिवाय गाडीवर चढू नका. गावात काही सज्जनांना राग आला. अशा वेळी अटी कसल्या घालता, म्हणाले. लोखंडे आणि सावित्रीबाई यांनी प्राण दिले ते स्वतःचे दिले. दुसऱ्याने प्राण द्यावेत असा आग्रह धरण्याचा अधिकार त्यांच्या स्मृतीने आपल्याला मिळत नाही. जेथे मी स्वतः जाणार नाही तेथे दुसऱ्याला पाठविणार नाही, आणि साधनाशिवाय कोणालाच पाठविणार नाही, हा नियम समाजसेवकाने बांधून घ्यावा.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. साथ पुन्हा येणार, केव्हा ते सांगता येत नाही. ती येईल तेव्हा विश्वास गोळा करायला वेळ मिळणार नाही. तो आजच साठवावा लागतो. आपल्या गल्लीत कोणत्या खोलीत किती माणसे राहतात, त्यांत म्हातारे किती, कोणाची मजुरी किती दिवस थकते, कोणाचे गाव किती लांब, याची एक साधी वही प्रत्येक मंडळाने, प्रत्येक युनियनने आज करावी, आणि वर्गणीतला थोडा वाटा आजारी माणसाच्या भाड्यासाठी बाजूला ठेवावा. आमच्या कचेरीत अशी वही आहे. तिच्या पहिल्या पानावर काकांच्या खोलीतल्या सहा जणांची नोंद आहे. त्यांतले पाच जण अजून माग चालवितात. रात्री ज्याने माझे दार ठोठावले होते, तोच आता ती वही लिहितो.